गुंठ्याएवढा ठिपका

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३चे ‘विक्रम’ चंद्रावर अलगद टेकले आणि पुढचे काही दिवस बुलढाणा जिल्ह्यात इस्रोच्या जोडीने खामगावचे नाव घेतले जाऊ लागले. या मोहिमेसाठी स्टर्लिंग चांदीच्या नळ्या खामगावच्या श्रद्धा रिफायनरीतून आणि उष्णतारोधक आवरणाचे कापड विकमशी फॅब्रिक्समधून गेल्याच्या बातम्या तेव्हा ठळकपणे छापून आल्या. चांदीची पेठ म्हणून खामगाव आधीपासून प्रसिद्ध आहे, त्यामुळे लोकांना झालेला आनंद रास्तच होता. मात्र त्या आनंदात एक समज घट्ट झाला. एखाद्या जिल्ह्याचे अंतराळ उद्योगाशी नाते किती, हे तिथून यानासाठी काय गेले यावर ठरते, असा तो समज. त्या हिशेबाने खामगाव उद्योगाच्या आत आणि त्याच जिल्ह्यातले, मेहकर तालुक्यातले डोणगाव बाहेर. मेहकर–मालेगाव रस्त्यावरच्या, सोयाबीन-तुरीवर जगणाऱ्या या गावातून यानाला काही जात नाही. तरीही डोणगावचे शिवार या उद्योगाच्या जास्त आत आहे, असे या प्रकरणात मांडायचे आहे. खामगाव पुरवठादार आहे, तर डोणगाव गिऱ्हाईक आहे. आणि कोणत्याही उद्योगाचे भवितव्य शेवटी गिऱ्हाइकाकडे पाहूनच ठरते. पंचाईत एवढीच, की या गिऱ्हाइकाला आपण गिऱ्हाईक असल्याचे कोणी सांगितलेले नाही आणि बिलावरही त्याचे नाव नाही.

आधी पैशाचे पाहू. अमेरिकेतल्या उपग्रह उद्योगाच्या संघटनेने २०२३ सालचा जगाचा हिशेब मांडला, तेव्हा सगळी अंतराळ अर्थव्यवस्था सुमारे ४०० अब्ज डॉलरची निघाली. त्यातला उपग्रहांशी निगडित व्यवसाय २८५ अब्जांचा होता. याच २८५ अब्जांत प्रक्षेपणाचा, म्हणजे ज्याची चित्रे आपण टीव्हीवर डोळे विस्फारून पाहतो त्या रॉकेटच्या धंद्याचा वाटा अवघा ७ अब्जांच्या आसपास. उपग्रह बांधण्याचा १७ अब्ज. उरलेला बहुतेक सगळा पैसा जमिनीवर होता: ११० अब्ज उपग्रहांमार्फत मिळणाऱ्या सेवांत आणि १५० अब्ज जमिनीवरच्या उपकरणांत. या उपकरणांतही मोठा भाग उपग्रहांवरून आपली जागा ओळखणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे आपल्या मोबाइलच्या पोटातल्या चिपसारख्या वस्तूंचा. पृथ्वीची चित्रे काढून विकण्याचा धंदा अजून लहान आहे, हे कबूल केले पाहिजे. पण आकड्यांचा कल स्पष्ट आहे. रॉकेट ही या उद्योगाची वाहतूक आहे आणि माल खाली उतरतो.

यावरून कारखान्यांचे काम हलके समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा त्यातला वाटा मोठा आहे आणि जुनाही. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने १९७०च्या दशकापासून इस्रोसाठी रॉकेटची कवचे घडवली. चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवरून गेले, त्याच्या दोन्ही बाजूंच्या एस-२०० बूस्टरची कवचे वालचंदनगर आणि लार्सन अँड टुब्रो यांच्याकडची. प्रत्येक बूस्टर ३.२ मीटर व्यासाचा, त्यात २०० टनांहून अधिक घन इंधन, आणि ते सगळे साधारण दोन मिनिटांत जळून जाते. तेवढा वेळ आतला दाब आणि उष्णता त्या पोलादी नळकांड्याने सोसायची. त्यासाठी मॅरेजिंग नावाचे निकेलयुक्त पोलाद वापरतात. ते वाकवायचे, जोडायचे, ठरावीक तापमानाला ठरावीक तास ठेवून कठीण करायचे आणि मग पाण्याच्या दाबाखाली प्रत्येक जोड तपासायचा. विक्रोळीच्या गोदरेजकडे विकास इंजिने तयार होतात; एलव्हीएम-३च्या मधल्या टप्प्यात अशी दोन असतात. त्या इंजिनासाठी लागणारे द्रव इंधन आंध्रातल्या तणुकूच्या आंध्र शुगर्सकडून येते. म्हणजे भारताच्या रॉकेटच्या एका टोकाला साखरेची यंत्रे बनवणारे आणि दुसऱ्या टोकाला साखर बनवणारे आहेत. अर्थशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने यावर प्रबंध लिहायला हरकत नाही. घन इंधनाच्या संशोधनात मोठे काम करणारे वसंत गोवारीकर पुण्याचे होते. खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाल्यावर विदर्भही या नकाशावर आला: हैदराबादच्या स्कायरूट कंपनीने २०२२मध्ये आपल्या कलाम-१०० या रॉकेट-मोटरची चाचणी नागपूरच्या, दारूगोळा बनवणाऱ्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात घेतली, आणि सोलरने स्कायरूटमध्ये पैसेही गुंतवले आहेत. एवढे सगळे असूनही अडचण एका आकड्यात दिसते. भारतातून २०२३मध्ये ७ आणि २०२४मध्ये ५ रॉकेटे उडाली. स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटांनी एकट्या २०२४मध्ये १३०हून अधिक उड्डाणे केली. वर्षाला पाच-सात रॉकेटांच्या मागणीवर कारखान्याचा लौकिक वाढतो, तालुक्याचा रोजगार वाढत नाही. दारूगोळ्याच्या जोडीने वाढणाऱ्या या कामात धोकाही असतो. सोलरच्या बाजारगावच्या कारखान्यात डिसेंबर २०२३मध्ये झालेला स्फोट अंतराळकामातला नव्हता, पण त्यात ९ कामगार गेले आणि त्यांत ६ स्त्रिया होत्या. विदर्भातल्या गावांना या उद्योगाचे स्वप्न दाखवताना हाही हिशेब पुढे ठेवावा लागेल.

आता डोणगावकडे वळू. ऑगस्ट २०२१पासून महाराष्ट्रात शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करतो. आपल्या गटात उभे राहून फोटो काढायचा, आणि तो तिथेच काढला हे फोनने उपग्रहांच्या मदतीने सांगायचे. ही खूण आज इतकी नेमकी पडते, कारण मे २०००मध्ये अमेरिकन सरकारने एक निर्णय घेतला. तोवर जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली जाई आणि जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. एक एकराचे चौकोनी रान धरले तर त्याची बाजू ६४ मीटरच्या आतबाहेर येते. म्हणजे तेव्हाच्या जीपीएसवर ई-पीक पाहणी केली असती, तर एकाचे सोयाबीन बांध ओलांडून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढले असते. मोजणी खात्याचा भूमापक आज रोव्हर नावाची काठी घेऊन येतो आणि शिवार सेंटिमीटरांच्या अचूकतेने मोजतो, तेही त्याच उपग्रहांच्या बळावर. राज्यात त्यासाठी ७७ कायम संदर्भ केंद्रे उभी आहेत. बांधाचे भांडण कोर्टात गेले की तिथेही उपग्रहाची साक्ष निघते.

पण या प्रकरणाचा गाभा जागा ओळखण्यात नाही, पीक ओळखण्यात आहे. हिरवे, निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकते. पान आजारले, सुकले, की हे प्रमाण बदलते, अनेकदा डोळ्याला पिवळेपणा दिसायच्या आधी. भारतात याचा पहिला प्रयोग पी. आर. पिशारोटी यांनी १९७०च्या सुमारास केरळात केला. हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळीच्या बागांचे फोटो घेऊन त्यांनी मुळांच्या मर रोगाची झाडे वेगळी काढून दाखवली. १७ मार्च १९८८ला आयआरएस-१ए हा उपग्रह सोव्हिएत रॉकेटने वर गेला आणि हेच काम देशभर करता येऊ लागले. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले, म्हणजे विदर्भ या विद्येला नवखा नाही. आज फरक आहे तो ठिपक्याच्या आकारात. अमेरिकेच्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटर बाजूचा, म्हणजे साधारण ९ गुंठे. युरोपच्या सेंटिनेल-२चा ठिपका १० मीटरचा: १०० चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरांचा असतो. म्हणजे युरोपातल्या अभियंत्यांनी नकळत आपल्या सातबाऱ्याच्या मापाचा उपग्रह बनवला, आणि तो दर पाच दिवसांनी डोणगावच्या प्रत्येक गुंठ्यावरून जातो. त्याची चित्रे जगात कोणालाही फुकट मिळतात. याहून बारीक पाहायचे असेल तर प्लॅनेट या अमेरिकन कंपनीचे छोटे उपग्रह आहेत. ३ मीटरच्या ठिपक्याने ते गुंठ्याचेही ११ तुकडे पाडून पाहतात, आणि त्यांतले ८८ उपग्रह १५ फेब्रुवारी २०१७ला आपल्याच पीएसएलव्हीने एका खेपेत वर नेले होते. बंगळूरच्या पिक्सेल कंपनीने जानेवारी २०२५मध्ये सोडलेले उपग्रह प्रकाशाचे आणखी कितीतरी बारीक भाग करतात. त्यावरून पिवळेपणाच्या कारणांचाही माग लागेल, अशी तिची अपेक्षा आहे.

यावर पहिला आक्षेप कोणताही शेतकरी घेईल, आणि तो बिनतोड वाटतो. सोयाबीन खरिपाचे पीक. जुलै-ऑगस्टमध्ये ते फांद्या धरते, फुलते, तेव्हा आभाळ भरलेले असते. ढगाआडून कॅमेऱ्याला काय दिसणार? काही दिसत नाही, हे खरे आहे. दर पाच दिवसांनी जाणाऱ्या उपग्रहाचे पावसाळ्यातले कितीतरी फोटो नुसत्या ढगांचे असतात. म्हणूनच या उद्योगातली गेल्या दशकातली महत्त्वाची घडामोड रडारची आहे. रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी वाचतो. त्याला ना सूर्य लागतो ना निरभ्र आकाश. युरोपचा सेंटिनेल-१ सुमारे साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी वापरतो. त्या पिकाच्या वरच्या पानांवरच आपटून परततात. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहावर दोन रडारे आहेत: एक ९ ते १० सेंटिमीटरचे, भारतात बनलेले, दुसरे सुमारे २४ सेंटिमीटरचे, अमेरिकेत बनलेले. लांब लहर पानांतून आत उतरते, त्यामुळे खालच्या मातीतल्या ओलीचीही कल्पना येते. १२ मीटर व्यासाची जाळीची छत्री उघडून हा उपग्रह दर १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहतो. शंभर दिवसांच्या सोयाबीनच्या वाट्याला अशा आठ फेऱ्या येतात आणि त्यांतली एकही ढगामुळे वाया जात नाही. असे उपग्रह वर नेणे सोपे नसते, याची आठवण त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. ईओएस-०९ हा भारताचा रडार उपग्रह पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन गमावला. बातम्यांनी त्याला इस्रोचे अपयश म्हटले. ढगांखालच्या पिकाचा एक साक्षीदार कमी झाला, असेही त्याला म्हणता आले असते.

साक्षीदार हवा कोणाला, ते आता पाहू. पीक विम्यात नुकसानभरपाई एकेका शेतकऱ्याच्या शेतावरून ठरत नाही, महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून त्यावरून उंबरठा उत्पादन ठरवायचे, आणि यंदाचे उत्पादन त्याच्या खाली गेले तर भरपाई. यंदाचे उत्पादन कसे कळते? पीक कापणी प्रयोगाने. योजनेच्या नियमांत महसूल मंडळाला किमान १० प्रयोगांची अपेक्षा आहे. निवडलेल्या शेतात दोरी लावून एक छोटा चौकोन आखायचा, तेवढेच पीक कापून मळायचे, तोलायचे. समजा एखाद्या मंडळात १०,००० हेक्टर सोयाबीन आहे. सेंटिनेल-२च्या हिशेबाने ते १० लाख ठिपके झाले, आणि त्यांचा निकाल दहा चौकोनांवर! त्या दहा ठिकाणी कोण हजर होते, दोरी कोणत्या कोपऱ्यात पडली, यावरून दरवर्षी वाद होतात. त्याला विमा कंपनी आणि शेतकरी दोघेही कंटाळले आहेत. म्हणून केंद्राने २०२३च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी, आणि नंतर सोयाबीनसाठी, उत्पादनाच्या आकड्यात उपग्रहावरून काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात १ रुपयात विमा २०२३मध्ये आला आणि २०२५च्या खरिपात गेला; बोगस अर्जांचा गाजावाजा झाला, शेतकऱ्याचा हिस्सा परत आला, आणि भरपाईची भिस्त उत्पादनाच्या आकड्यावर आणखी वाढली. पडीक रानावर सोयाबीन दाखवणारा अर्ज उपग्रहाच्या चित्रापुढे टिकत नाही, हे खरे. पण तेच चित्र खऱ्या शेतकऱ्याच्या बाजूनेही बोलू शकते, आणि ते तसे बोलते की नाही हे सध्या ज्याने पैसे दिले त्यालाच कळते. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाचे अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना पैसे सरकार, बँका आणि विमा कंपन्या देतात. शेतकरी विम्याचा हप्ता भरतो आणि करही भरतो, पण त्याच्या गटाचा हंगामभराचा आलेख त्याला मिळत नाही. या उद्योगाची भारतातली खरी उणीव मला रॉकेटांच्या संख्येत दिसत नाही, ती इथे दिसते.

उपग्रह चुकतो, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असे जाणकार विचारतील. चुकतो हे मान्य आहे. बुलढाण्यात सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर असते. गुंठ्याच्या ठिपक्यात दोन्ही पिके एकत्र येतात आणि सोयाबीन निघाल्यावर तूर हिरवी राहते, तेव्हा उत्पादनाचा अंदाज वर जाऊ शकतो. बांधावरची बाभूळ, कडुलिंब ठिपक्यात शिरतात. पान पिवळे पडले हे वरून दिसते. ते मोझॅक रोगाने, पाणी साचून की लोहाच्या कमतरतेने, हे सांगायला शेतात जावे लागते. म्हणून कापणी प्रयोग मोडीत काढा असे कोणी म्हणू नये. मात्र उपग्रहाच्या चुकीत एक गुण आहे: तिची तारीख आणि तिचा ठिपका नोंदलेला असतो, त्यामुळे ती पुन्हा तपासता येते. मळून तोललेला चौकोन पुन्हा उभा करता येत नाही. अट एवढीच, की चित्र दोन्ही पक्षांसमोर असावे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. शेतकरी अडचणीत असताना चंद्रावर कशाला, असे दर मोहिमेच्या वेळी विचारले जाते. चांद्रयान-३ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. महाराष्ट्रासारखे एक राज्य पीक विम्यापोटी एकेका वर्षात हजारो कोटी मोजत आले आहे. ज्या आकड्यावर ही रक्कम वाटली जाते तो आकडा नीट मोजण्यावरचा खर्च कसा वायफळ ठरेल? चंद्राची मोहीम आणि पिकाचा उपग्रह एक नाहीत, हे बरोबर. पण त्यांना वर नेणारे रॉकेट, मार्गदर्शनाचे सॉफ्टवेअर आणि ती बनवणारी माणसे बरीचशी तीच आहेत. त्यापेक्षा चित्रे सगळ्यांना दिली तर कंपन्या जगणार कशा, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. याचे उत्तर अमेरिकेने दिलेले आहे. १९८०च्या दशकात लँडसॅटची चित्रे विकायचे काम खासगी कंपनीकडे दिले गेले. एका चित्राची किंमत ४,००० डॉलरच्या वर गेली आणि वापर आटला. २००८मध्ये सगळा साठा फुकट खुला झाला, तेव्हा दिवसाला पन्नासेक चित्रांची मागणी काही वर्षांत हजारोंवर गेली. त्या खुल्या चित्रांवरच पुढे नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, कारण लोक पैसे चित्रासाठी देत नाहीत, त्यातून निघणाऱ्या उत्तरासाठी देतात. भारताच्या २०२३च्या अंतराळ धोरणातही सरकारी उपग्रहांची ५ मीटर आणि त्याहून मोठ्या ठिपक्याची चित्रे मुक्तपणे देण्याचे म्हटले आहे. निसारची चित्रेही खुली आहेत. म्हणजे कच्चा माल उपलब्ध आहे. तो गट नंबरापर्यंत पोचवून सातबाऱ्याशेजारी ठेवायचे काम उरले आहे, आणि नागपूरच्या केंद्राकडे, कृषी विद्यापीठांकडे आणि चार होतकरू कंपन्यांकडे ते सोपवण्यात तंत्राचा अडसर नाही.

राहिला शेवटचा, जरा तुच्छतेचा वास असलेला आक्षेप: हे आलेख गावात वाचणार कोण? त्याला पावसाचे उदाहरण पुरे आहे. अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला जावा लागतो. डोणगाव हेही असेच एक मंडळ आहे. आपल्या शिवारात ढग फुटला आणि मंडळाच्या पर्जन्यमापकाशी भुरभुर झाली, तर काय होते. यंत्र कुठल्या गावात, कोणत्या गच्चीवर, कोणत्या झाडाखाली बसवले आहे. शेजारच्या मंडळात किती पडला. हे तिथले लोक तोंडपाठ सांगतात. यंत्रावर ६४ हा आकडा आला की त्याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.